पुढच्याच्या पावलात पाऊल

१

नयनदादाने शेवटच्या फोनवर मला एकच गोष्ट विचारली. "गॅलरीला ग्रील बसवला काय रे, प्रितम?"

"बसवला," मी बोललो.

"फोटो पाठव."

"उद्या पाठवतो."

"आठवी नापास, खोटा नाय ना बोलत?" तो हसला. मागे वारा एवढा होता की हसणं अर्धंच ऐकू आलं. "आयेला त्या दाराकडं जाऊ देऊ नको." मग फोन कटला.

ग्रील बसवलेलं नव्हतं. आंबिवलीतलं आमचं जुनं बैठं घर पाडून त्या जागेवर ही चार माळ्यांची बिल्डिंग उभी राहिली. बिल्डर काम अर्धवट टाकून गेला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा राहिला आणि आमच्या चौथ्या माळ्यावरच्या गॅलरीला कठडाच नाही. पाच हात लाद्या, त्याच्यापुढे हवा. दार आहे, पण त्याला कडी नाही. मी कडीच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवून खिळ्याला बांधून ठेवलेली. वेल्डर नाथा दोनदा माप घ्यायला येतो बोललेला. दोन्ही वेळा मी टूर्नामेंट खेळायला गेलेलो. घरी कोणी नाही बघून तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेम्पोत पाण्याचे जार भरत होतो तेव्हा दादाच्या युनिटचा फोन आला.

फोटो राहिलाच.

२

दादाला चौथ्या दिवशी आणलं. सगळं गाव आलेलं. नदीवर बंदुका झाडल्या. सुतकाचे दिवस अग्नी दिला तिथून मोजायचे ठरले. आईने एकदाही रडून आवाज काढला नाही. घडी केलेला झेंडा मांडीवर घेऊन ती बसली. त्याच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिली, साडीची किनार तपासतात तसा.

दादाबरोबर त्याच्या तुकडीतला जगन म्हणून एक जवान आलेला. साताऱ्याकडचा. त्याने दादाची काळी पेटी आणून हॉलमध्ये ठेवली. जाताना माझा हात धरून तो काहीतरी सांगणार होता. मग बोलला, "मी बाराव्याला येतो," आणि उतरून गेला.

संध्याकाळी गंगुआत्याने दिवा लावला. मी तिला विचारलं, "आत्या, पीठ नाय पसरायचा?"

आमच्यात माणूस गेला की तो जिथे गेला त्या जागेवर तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात. पिठात चिमणीची नखं दिसली तर चिमणीचा जन्म, मुंगीची रेघ दिसली तर मुंगीचा. आमच्या बाबांच्या वेळी पिठात काहीतरी पानासारखं उमटलेलं. तेव्हापासून आई झाडाचं पान तोडत नाही.

"ज्या जागंवर जीव जेला तिथंच पसरतान," आत्या बोलली. "नयन हितं जेला काय? त्यो तिकरं जेला, बर्फान. हितं पीठ टाकून कोनाला बोलवतंस?"

"पन तो हितं झोपायचा."

"झोपनं येगला नि जानं येगला. नाय म्हंजे नाय."

आत्या रात्रीच्या जेवणाआधी शहाडला तिच्या घरी गेली. मी डब्यातून दोन वाट्या पीठ काढलं. पुढच्या दाराजवळ भिंतीला लागून दादाची चटई असायची. त्या जागेवर ते पसरलं आणि टोपली पालथी घातली.

मला फक्त काहीतरी बघायचं होतं. मुंगी पण चालली असती.

३

सकाळी टोपली उचलली. पिठात बुटाचा पुढचा भाग उमटलेला होता. चवड्याचा. जाड खाचा, एकीत एक अडकवलेल्या. चवड्याच्या मागचा भाग टोपलीच्या काठाबाहेर गेलेला, आणि बाहेर पीठ नव्हतं, म्हणून तो दिसत नव्हता. बोटं गॅलरीच्या बाजूला होती.

मी टोपली तशीच परत ठेवली आणि चहा पिऊन आलो. परत उचलली. होतं.

मी पेटीकडे गेलो. पेटीत दादाचे जादा बूट होते, लेस एकमेकांना बांधलेल्या. तळवे कोरडे, पिठाचा कण नाही. मी ते उलटे धरले. टाचेवर त्याचा नंबर होता, ४१७, तापवलेल्या तारेने कोरलेला. मागच्या सुट्टीत त्याने मला सांगितलेलं. बंकरच्या बाहेर सगळ्यांचे बूट एका रांगेत असतात, सगळे सारखे, घाईत एकाचा दुसऱ्याच्या पायात जातो. म्हणून याने आपल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे टाचेवर कोरले, मग सगळ्या तुकडीने तसंच केलं. "पावलावरून समजतो कोन जेला," तो बोललेला. त्याला त्याचा मोठा अभिमान.

पिठात टाच नव्हती. म्हणून आकडा पण नव्हता. पण खाचा त्याच होत्या.

मला भीती वाटायला पाहिजे होती. मला आनंद झाला. खरं सांगतो.

४

दुसऱ्या संध्याकाळी मी टोपली ठेवलीच नाही. चटईच्या जागेपासून पुढे दोन हात पीठ पसरलं. ती चूक माझी. आत्या नंतर बोलली, टोपली कशाला असते ते तुला माहीत तरी होतं का? मला वाटलेलं, पीठ उडू नये म्हणून. आलेला तिथून पुढे चालू नये म्हणून असते.

सकाळी एक पाऊल पुरं होतं आणि त्याच्यापुढे अर्धं. पुऱ्या पावलाची टाच मात्र पुसलेली. कोणीतरी वरून काहीतरी ओढून नेल्यासारखी. मला वाटलं, उंदीर.

तिसऱ्या सकाळी दोन. चौथ्या सकाळी तीन. छोटी पावलं होती, एकामागे एक, एका रेषेत. असं कोणी चालत नाही. असं बर्फात चालतात.

हे पण दादानेच दाखवलेलं. मागच्या वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा सांगत होता. वर बर्फ सपाट दिसतो, पण खाली भेग असते. दुधावर साय धरते तसा पातळ बर्फ भेगेवर धरतो. त्याने एकदा त्या सायीवर पाय दिला आणि कमरेपर्यंत आत गेला. पुढच्या माणसाने कॉलर धरून ओढला. तेव्हापासून एकच नियम, पुढच्याच्या पावलात पाऊल. पुढचा जिवंत आहे, म्हणजे त्याने पाय ठेवला ती जागा चांगली आहे. सगळ्यात पुढचा ओरडला "थम", की मागचे पाय वर असेल तिथे थांबणार.

त्या दिवशी आईने लाद्या नुकत्याच पुसलेल्या. दादा तिला बोलला, "आये, माझ्या मागं ये. माझ्या पावलात पाऊल टाक, पडनार नाय." ओल्या लादीवर त्याच्या पायाचे ठसे उठत होते आणि आई पदर खोचून त्यात पाय ठेवत स्वयंपाकघरापर्यंत गेली. मध्येच तो ओरडला, "थम!" आई एक पाय वर धरून बगळ्यासारखी उभी. आम्ही तिघे लादीवर बसून हसलो.

मी हिशोबात कच्चा असलो तरी डोक्याने ठीक आहे. मी विचार केला. घरात मी आणि आई. आई झोपेत उठून बूट घालत असेल. मी पेटीच्या कडीला शिवायचा दोरा गुंडाळला. सकाळी दोरा तसाच, पाऊल एक जास्त. मग वाटलं, मीच उठत असेन. माझा पाय मी ठशाशेजारी ठेवला. ठसा माझ्यापेक्षा दोन बोटं मोठा. दादाचा पण मोठाच होता. किती मोठा, ते मी कधी मोजलं नव्हतं. पेटीतला बूट ठशाला लावून बघायला मन झालं नाही.

आणि रोज टाच पुसलेली.

५

ती का पुसलेली असते ते मला सहाव्या दिवशी कळलं. मी लवकर उठलो. उजाडलेलं होतं. आई हॉलमध्ये होती. पदर खोचलेला, नजर खाली. ती दादाच्या जागेपासून निघालेली आणि प्रत्येक ठशात आपला पाय ठेवत होती. तिचा पाय लहान. ठशात मागच्या बाजूला बसायचा, बरोबर टाचेवर.

"आये."

तिने ओठावर बोट ठेवलं. शेवटच्या ठशावर जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी होतं.

"पुढं चाललाय माझा पोऱ्या," ती बोलली. "रोज एक पाऊल दावतो."

"तुला कवापासून माहीत?"

"तू टोपली उचलायच्या आधीपासून. मी तुझ्याआधी उठतंय."

मी समोर बघितलं. शेवटच्या ठशापासून सरळ रेघ मारली तर ती हॉल ओलांडून गॅलरीच्या दाराला लागत होती. तोपर्यंत मी फक्त पावलं मोजत होतो. ती जातात कुठे ते बघितलंच नव्हतं.

मी नाथाला फोन केला. तो बोलला, दुपारी येतो. आई बाजूलाच बसलेली. "सुतकात घराला खिळा ठोकायचा नाय," ती बोलली. "तेरावा होऊ दे."

"आये, त्या दाराला नुसती दोरी हाय."

"मंग? मी काय बाल हाय?"

आणि मी ऐकलं. मी तिला सांगू शकलो असतो की दादाने ग्रीलबद्दल विचारलेलं आणि मी खोटं बोललो. ते सांगावं लागू नये म्हणून मी नाथाला "तेराव्यानंतर ये" बोललो.

६

नवव्या दिवशी पावलं हॉलच्या मध्यावर पंख्याखाली आली. दहाव्याला डायनिंग टेबलच्या पुढे. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे बोलले, चांगला झाला, पोराचं मन कशात अडकला नाय. मी नदीवर उभा राहून विचार करत होतो, मग घरी कोण चालतंय?

त्या दुपारी मी दादाची पेटी ओढत नेली आणि गॅलरीच्या दाराला टेकवून ठेवली. जड होती. दोरीला अजून तीन गाठी मारल्या. संध्याकाळी पीठ पसरलं नाही. उरलेलं पीठ बेसिनमध्ये ओतलं आणि पाणी सोडलं.

अकराव्या सकाळी हॉलमध्ये पीठ होतं. आईने शेजारच्या रमाबाईंकडून आणून पसरलेलं. पावलं पेटीला येऊन थांबलेली. शेवटचा ठसा पेटीच्या इतका जवळ की चवडा पेटीखाली गेलेला वाटत होता.

"पेटी कशाला ठेवलीस त्याच्या वाटंत?" आईने विचारलं.

आवाजात राग नव्हता. पाहुण्याच्या ताटाआड कोणी बसलं तर बोलतात तसं बोलली. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. तिचे पाय खुर्चीवर बसूनही चालल्यासारखे हलत होते. एक पुढे. थांब. एक पुढे. थांब.

मी सगळी लादी पुसून काढली आणि रमाबाईंच्या पिठाचा डबा कपाटावर ठेवला. आईचा हात पोचणार नाही इतका वर. दिवसभर घरातून हललो नाही.

७

बाराव्या दिवशी सकाळी नऊला जगन आला. खालून फोन केला, कुठला माळा? त्या फोननेच मला जाग आली. मी हॉलमध्ये बघितलं. लादीवर परत पीठ. स्टूल कपाटाजवळ होतं. बाथरूममध्ये नळ चालू होता, आई आंघोळीला गेलेली. पेटी दाराला टेकून होती. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे, याला वर घेऊन येतो.

जगन माझ्या मागे जिने चढला. आमच्या उंबऱ्यावर त्याने बूट काढले, मान वर केली आणि तिथेच थांबला. आत बघत राहिला. एक पाय उचललेला तो त्याने परत खाली ठेवला. बाहेर.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"पीठ आम्ही टाकतो. पावलं त्याची त्याची येतात. दादाची हायत."

तो मागे सरला. जिन्याच्या पायरीवर बसला. एवढा मोठा गडी, गुडघे धरून. "प्रितम, मला हे त्या दिवशीच सांगायचं होतं. साहेबांना पण नाही सांगितलं. कुणी मानलं नसतं."

"बोला ना." मी दाराकडे पाठ करून त्याच्याशेजारी बसलो.

"पुढं मी होतो. माझ्या मागं नयन. पोस्ट शंभर पावलांवर राहिली म्हणून आम्ही एकमेकांना बांधलेला दोर सोडलेला. रोजची वाट. एका खडकापाशी मी डावीकडं वळलो. तिथं वळायचंच असतं, पुढं भेग आहे, सगळ्यांना माहीत आहे, नयनला पण. मी दहा पावलं गेलो आणि मागचा आवाज थांबला. वळून बघितलं तर तो सरळ चाललेला. मान खाली घालून. एकेक पाऊल मोजून टाकत. मी 'थम' ओरडलो. वाऱ्यात गेलं. आणि मग तो नव्हता."

"मग?"

"मी खडकापर्यंत परत आलो. तिथून सरळ, भेगेपर्यंत, बर्फात पावलं होती. खोल, स्वच्छ. नयनने त्याच्यातच पाय टाकलेले, पण त्याच्या बुटाचा ठसा त्या पावलांच्या आत वेगळा दिसत होता. त्याच्या आधी कुणीतरी गेलेलं. मी नाही गेलो. दुसरं कुणी तिथं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या टाचेला नंबर असतो, ठाऊक आहे ना तुला? नयनचा पाय थोडा पुढं पडलेला, म्हणून त्या पावलांची टाच उघडी दिसत होती. कोरी होती."

मी उठलो. उंबऱ्यात उभा राहिलो. इतके दिवस मी चवडे बघत होतो. टाचा आईच्या पायाखाली जात होत्या. आज ती अजून चालली नव्हती. पहिला ठसा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, अख्खा. चवड्याच्या खाचा. मग कमान. मग टाच.

टाच गुळगुळीत होती. लाटलेल्या पिठासारखी.

नळ बंद झालेला होता. कधी बंद झाला ते मला कळलं नव्हतं. आतून लोखंड लादीवर घासल्याचा आवाज आला. पेटी सरकत होती.

८

हॉल लहान आहे. मला तो ओलांडायला किती वेळ लागला सांगता येत नाही. दादाचे कपडे बाहेर काढून गादीवर घडी करून ठेवलेले. पेटी हलकी करून आईने बाजूला ओढलेली. दोरीच्या सगळ्या गाठी सोडून ती खिळ्यावर नीट गुंडाळलेली. दार उघडं. बाहेर ऊन एवढं की आधी फक्त पांढरं दिसलं.

मग आई दिसली. ओले केस पाठीवर. पदर खोचलेला. ती गॅलरीत होती.

गॅलरीत मी कधी पीठ टाकलं नाही. तिथे बिल्डरच्या वेळची सिमेंटची धूळ आहे, बोटभर. त्या धुळीत पावलं पुढे गेलेली. आई त्यांच्यात पाय टाकत होती. मान खाली, एकेक, मोजून. एक पाय खाली होता आणि दुसरा उचलत होती.

मला पळत जाऊन तिला धरायचं होतं. पण मी धक्का दिला तर? हाक मारली आणि ती दचकली तर? मी तोंड उघडलं. आवाजच निघेना.

"थम!"

आई थांबली. एक पाय वर धरून, बगळ्यासारखी.

मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे मागे हॉलच्या लादीवर पडलो. जगन उंबऱ्यातच होता. थम मीच बोललो. मीच बोललो असणार. जगनला विचारलं तर तो सांगतो, तुझं तोंड उघडं दिसत होतं, पण आवाज गॅलरीतून आला. त्याला मी पाठमोरा होतो. माझं तोंड त्याला दिसेल कसं? तो पण घाबरलेला.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "त्याने थांबवला मला. कशाला थांबवला?" आणि मग ती रडली. बारा दिवसांचं एकदम.

९

तिला जगनजवळ बसवून मी दारात गेलो. बाहेर पाय ठेवला नाही. गुडघ्यावर बसून बघितलं.

धुळीत कोऱ्या टाचेची पाच पावलं पुढे गेलेली. चारांवर आईचा पाय पडलेला, आजूबाजूला आमच्या ओढाताणीचे ओरखडे. पाचवं अख्खं होतं. तिचा वर उचललेला पाय तिथे पडणार होता. त्या पाचव्याच्या समोर, चवड्याला चवडा लागेल इतकी जवळ, अजून दोन पावलं होती. शेजारी शेजारी, माणूस उभा राहतो तशी. त्यांची बोटं घराकडे. टाचा गॅलरीच्या काठावर. त्यांच्या मागे जागाच नव्हती.

दोन्ही टाचांवर आकडे होते. ठशात उलटे उमटलेले, आरशातल्यासारखे. मी हळूहळू वाचले. तीनच आकडे, पण मला वेळ लागला.

मी तिथेच बसून नाथाला फोन लावला. "आता ये."

"सुतक हाय ना तुमच्याकरं?"

"आता ये बोललो ना."

तो आला. ग्रील दाराच्या चौकटीलाच बसवायला लावलं, गॅलरीच्या काठावर नाही. बाहेर पाय ठेवायचा नाही, धूळ हलता कामा नये, असं मी त्याला तीनदा बजावलं. ठिणग्या उडत होत्या तेव्हा आई बघत होती. ती एकदाच बोलली, "मंग त्यो आत कसा येल?"

संध्याकाळी मी फोटो काढला. दादाच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, ग्रील बसवला दादा. एकच टिक आली. अजून एकच आहे.

तेरावा झाला. पीठ आता घरात ठेवत नाही, भाकरी आत्याकडून येते. रोज सकाळी मी ग्रीलला कपाळ टेकवून बाहेर बघतो. दोन पावलं तशीच आहेत, घराकडे तोंड करून. वाऱ्याने पण पुसली नाहीत. नयनदादा ग्रीलच्या बाहेर राहिला.

पाचवं पाऊल मात्र ग्रील बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथे नव्हतं. परत फिरलेली पावलं धुळीत कुठेच नाहीत. लादी मी धुतली, म्हणून आत काही दिसत नाही. तो कोऱ्या टाचेचा ग्रीलच्या कुठल्या बाजूला राहिला ते मला माहीत नाही.

आई स्वयंपाकघरात जाते तेव्हा मी तिच्या पुढे चालतो.